विल्यम ग्रोव्ह: फ्युएल सेल बनवणारा वकील
हायड्रोजनवर चालणारा फ्युएल सेल नवा वाटतो ना? त्याची सुरुवात मात्र एका वकिलाने केली! विल्यम ग्रोव्ह यांचा जन्म १८११ मध्ये वेल्समधल्या स्वान्झी इथे झाला. वकिली सांभाळत ते प्रयोग करायचे. सल्फ्युरिक अ‍ॅसिडमध्ये प्लॅटिनमच्या पट्ट्या, एका नळीत हायड्रोजन, दुसरीत ऑक्सिजन. १८४२ मध्ये अशा सेलची बॅटरी त्यांनी मांडली. वीज मिळाली, पण थोडीच. वायू, द्रव आणि धातू जिथे एकत्र येतात तिथेच क्रिया होते, हे त्यांनी ओळखलं होतं. ती जागाच अपुरी होती. पुढे ते न्यायाधीश झाले, १८९६ मध्ये वारले. आज प्लॅटिनमचे बारीक कण वापरून ती जागा वाढवतात. त्यामागे कार्बन फायबरचा पातळ, सच्छिद्र कागद असतो. तो वायू सगळीकडे पसरवतो, वीज वाहून नेतो आणि तयार झालेलं पाणी बाहेर जाऊ देतो.