बार्तोलोमे दे लास कासास, चियापाचे बिशप

स्पेन देशांतील सेव्हिल शहरीं सन १४८४ च्या सुमारास बार्तोलोमे दे लास कासास यांचा जन्म झाला. पुढें ते दोमिनिकन संघाचे साधु, चियापा प्रांताचे बिशप आणि स्पेनच्या राजदरबारीं इंडियन लोकांचे कैवारी म्हणून प्रसिद्धीस आले. येथें इंडियन म्हणजे आपण हिंदी लोक असें वाचकांनीं समजूं नये. कोलंबस हिंदुस्थानच्या शोधार्थ निघाला व अमेरिकेच्या बेटांस जाऊन लागला, म्हणून तेथील मूळ रहिवाशांस हें नांव चुकीनें चिकटलें.

लास कासास यांचे वडील व्यापारी असून १४९३ सालीं कोलंबसाच्या दुसऱ्या सफरींत सामील झाले होते. परत येतांना त्यांनीं एक इंडियन तरुण गुलाम म्हणून आणून मुलाच्या सेवेस दिला. परंतु इसाबेला राणीच्या हुकुमामुळें १५०० सालीं त्यास स्वदेशीं परत पाठवावें लागलें. १५०२ सालीं लास कासास स्वतः एस्पान्योला बेटास गेले. तेथें अशी वहिवाट होती कीं, राजानें अमुक गांवचे इंडियन अमुक स्पॅनिश गृहस्थाच्या हवालीं करावे. गृहस्थानें त्यांस धर्म शिकवावा व त्यांनीं त्याच्या शेतांत आणि सोन्याच्या खाणींत राबावें. पैकीं राबणें तेवढें नियमानें होई. लास कासास यांसही असे इंडियन मिळाले, आणि पुढें गुरुदीक्षा घेतल्यावरही त्यांनीं ते ठेवले.

१५११ च्या आगमनकाळांत आंतोनियो मोंतेसिनोस या दोमिनिकन साधूनें सांतो दोमिंगोच्या मंदिरांत वसाहतवाल्यांस तोंडावर विचारलें कीं, या लोकांस तुम्ही कोणत्या अधिकारानें राबवितां? शहरांत मोठा गहजब झाला. लास कासास यांचें मन मात्र तेव्हां वळलें नाहीं. एका दोमिनिकन धर्मगुरूनें तर याच कारणास्तव त्यांस पापक्षमा नाकारली. त्यांनीं त्याच्याशीं वाद घातला, आणि इंडियन आपल्यापाशींच ठेवले.

१५१३ सालीं क्यूबा बेटाच्या मोहिमेंत ते सैन्याबरोबर धर्मगुरु म्हणून गेले. काओनाओ नांवाच्या गांवीं अन्न घेऊन सामोऱ्या आलेल्या निःशस्त्र लोकांची कत्तल त्यांनीं आपल्या डोळ्यांनीं पाहिली. मोहीम संपल्यावर त्यांस बक्षीस मिळालें तें जमीन व आणखी इंडियन! १५१४ सालीं पेंतेकोस्त सणाच्या प्रवचनाची तयारी करीत असतां सीराखच्या ग्रंथाचा चौतिसावा अध्याय त्यांच्या वाचनांत आला. गरिबांच्या मिळकतींतून देवास चढविलेलें अर्पण म्हणजे बापासमोर त्याच्या पुत्राचा वध करण्यासारखें आहे, असा तेथील आशय आहे. वेदीवर रोज अर्पण करणाऱ्या या धर्मगुरूस तें वाचन झोंबलें. कित्येक दिवस त्यांनीं शास्त्र व कायदा यांचीं पुस्तकें चाळलीं, आणि ज्या ज्या ग्रंथांत हात घातला तेथें तेथें तोच निकाल निघाला. त्यांचे भागीदार पेद्रो दे ला रेंतेरिया यांच्या मनांतही त्याच सुमारास इंडियन मुलांसाठीं शाळा काढण्याचा विचार आला होता. त्यांनीं आनंदानें संमति दिली. १५ ऑगस्ट रोजीं, पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणास, लास कासास यांनीं भर प्रवचनांत आपले इंडियन मुक्त केल्याचें जाहीर केलें.

पुढील पन्नास वर्षें या एका विषयास वाहिलेलीं आहेत. १५१६ सालीं कार्डिनल सिस्नेरोस यांनीं त्यांस इंडियनांचे रक्षक नेमलें. कुमाना येथें शांततेनें वसाहत करण्याचा त्यांचा प्रयोग पार फसला. त्यानंतर ते दोमिनिकन संघांत शिरले आणि कित्येक वर्षें त्यांनीं धर्मशास्त्र व कायदा यांचा कसून अभ्यास केला. १५३७ सालीं तिसरे पोप पौल यांनीं, इंडियन हीं खरीं मनुष्यें असून ख्रिस्ती नसलीं तरी त्यांचें स्वातंत्र्य व मालमत्ता हिरावून घेतां येत नाहीं, असें जाहीर केलें. १५४२ सालीं सम्राट पाचवा चार्ल्स यानें नवे कायदे काढून इंडियनांस गुलाम करण्यास बंदी केली. त्याच वर्षीं संत फ्रान्सिस झेवियर गोव्यास उतरले, यावरून काळाचा अंदाज येईल.

१५४४ सालीं लास कासास यांस बिशपपदाची दीक्षा मिळाली. चियापास पोंचतांच त्यांनीं हुकूम काढला कीं, जो इंडियनांस सोडणार नाहीं व लुबाडलेलें परत करणार नाहीं, त्यास पापक्षमा देऊं नये. जो दंड तरुणपणीं स्वतःस झाला होता, तोच आतां त्यांनीं आपल्या सर्व धर्मग्रामास लावला. वसाहतवाले खवळले, दंगा झाला, आणि १५४५ सालीं सम्राटानेंही नव्या कायद्यांतील मुख्य कलम मागें घेतलें. १५४७ सालीं बिशप स्पेनला परतले ते कायमचेच.

आतां वायादोलिद येथील वादाविषयीं. १५५० सालीं पंडितांचा निर्णय होईपर्यंत नव्या मोहिमा थांबवाव्या असा हुकूम निघाला, व विद्वान आणि न्यायाधीश यांची सभा भरली. एका पक्षीं हुआन गिनेस दे सेपुल्वेदा हा मोठा ग्रीक पंडित. त्याचें म्हणणें असें कीं, इंडियन हे ॲरिस्टॉटलच्या मतें जन्मतःच दास आहेत; मूर्तिपूजेबद्दल ते शिक्षेस पात्र आहेत; नरबळीपासून निरपराध्यांस वांचविलें पाहिजे; आणि आधीं जिंकल्यास त्यांस धर्म शिकविणें सोपें जाईल. लास कासास यांनीं पांच दिवस आपलें उत्तर वाचून दाखविलें. कनानी लोकांशीं झालेलीं युद्धें ही देवाची त्या काळापुरती विशेष आज्ञा होती. तिच्यापुढें मनुष्यानें थक्क व्हावें, तिचें अनुकरण करूं नये. मेजवानीच्या दाखल्यांत पाहुण्यांस आग्रहानें आंत आणण्यास सांगितलें आहे, तो आग्रह अंतःकरणास आहे, तरवारीचा नव्हे. ज्यांनीं श्रद्धा कधीं स्वीकारलीच नाहीं, त्यांस शिक्षा करण्याचा अधिकार ख्रिस्तसभेस पोंचत नाहीं, हें संत पौलाच्या वचनावरूनच दिसतें. नरबळीचा मुद्दा सर्वांत अवघड. तेथें त्यांनीं असें दाखविलें कीं, थोड्यांस वांचविण्यासाठीं अनेकांस मारणारें युद्ध हें न्याय्य होत नाहीं. सभेनें स्पष्ट निर्णय दिलाच नाहीं. मात्र सेपुल्वेदाच्या ग्रंथास छापण्याची परवानगी मिळाली नाहीं.

१५५२ सालीं लास कासास यांनीं इंडियनांच्या संहाराचा संक्षिप्त वृत्तांत छापला. त्यांतील मृतांचे आंकडे फुगलेले आहेत, व देवीसारख्या सांथींनीं किती माणसें नेलीं याचा त्यांत पुरेसा हिशेब नाहीं. परंतु जुलूम खोटा ठरत नाहीं.

त्यांच्या चरित्रांत एक काळा डाग आहे, व तो झांकणें योग्य नव्हे. इंडियनांचा भार हलका व्हावा म्हणून १५१६ सालीं त्यांनींच बाहेरून गुलाम आणण्याची सूचना केली होती. आफ्रिकन गुलाम त्या बेटांवर त्यांच्या आधींपासून येत होते हें खरें. तरी त्यांच्या शब्दास दरबारीं वजन होतें. पुढें पोर्तुगीज लोक त्या माणसांस कसे पकडतात हें कळल्यावर, त्यांचें दास्यही तितकेंच अन्यायाचें आहे असें त्यांनीं आपल्या इंडीजच्या इतिहासांत लिहून ठेवलें. आणि अज्ञानाची सबब देवाच्या न्यायासनापुढें चालेल कीं नाहीं, याची आपणांस खात्री नाहीं, असेंही नमूद केलें. हा इतिहास चाळीस वर्षें छापूं नये असें त्यांनीं सांगून ठेवलें होतें. १८ जुलै १५६६ रोजीं माद्रिद येथें त्यांचें देहावसान झालें. त्यांचा तो ग्रंथ छापून निघण्यास मात्र १८७५ साल उजाडावें लागलें.