डॅनियल जोन्स

डॅनियल जोन्स (१२ सप्टेंबर, इ.स. १८८१ ते ४ डिसेंबर, इ.स. १९६७) हे ब्रिटिश ध्वनिशास्त्रज्ञ होते. इंग्रजी शब्दांच्या उच्चारांचा त्यांनी सिद्ध केलेला कोश, मानस्वरांची पद्धती आणि स्वनिम या संकल्पनेचा प्रसार यांसाठी ते ओळखले जातात. इंग्रजी ही परकी भाषा म्हणून शिकणाऱ्यांनी कोणता उच्चार प्रमाण मानावा, या प्रश्नावर त्यांच्या कार्याचा दीर्घकाळ प्रभाव राहिला.

जीवन

जोन्स यांचा जन्म लंडन येथे झाला. त्यांचे वडील वकील होते. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजातून त्यांनी इ.स. १९०३ मध्ये गणित विषयाची पदवी घेतली. पुढे कायद्याचे शिक्षण पूर्ण करून इ.स. १९०७ मध्ये त्यांनी वकिलीची सनदही मिळवली. परंतु वकिली त्यांनी कधीच केली नाही. इ.स. १९०० मध्ये जर्मनीतील मारबुर्ग येथे विल्यम टिली यांच्या भाषासंस्थेत त्यांचा ध्वनिशास्त्राशी परिचय झाला होता. त्यानंतर पॅरिस येथे पॉल पासी यांच्याकडे त्यांनी या शास्त्राचे रीतसर अध्ययन केले. इ.स. १९११ मध्ये पासी यांची भाची सिरील मोत यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

इ.स. १९०७ पासून ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात ध्वनिशास्त्र शिकवू लागले. इ.स. १९२१ मध्ये ते तेथे प्राध्यापक झाले व इ.स. १९४९ मध्ये निवृत्त झाले. लिलियस आर्मस्ट्राँग, आयडा वॉर्ड, हॅरल्ड पामर आणि जे. आर. फर्थ हे त्यांच्या विभागात काम केलेले नामवंत अभ्यासक होत. आंतरराष्ट्रीय ध्वनिशास्त्र संघाचे ते इ.स. १९२८ ते १९४९ या काळात सचिव आणि इ.स. १९५० पासून मृत्यूपर्यंत अध्यक्ष होते.

उच्चारकोश आणि प्रमाण उच्चाराचा प्रश्न

जोन्स यांचा इंग्रजी उच्चारकोश इ.स. १९१७ मध्ये प्रसिद्ध झाला. इंग्रजीत लेखन व उच्चार यांत मोठी तफावत असल्याने शिकणाऱ्यास असा कोश अत्यावश्यक वाटे. त्यात नोंदवलेला उच्चार हा प्रामुख्याने दक्षिण इंग्लंडमधील सुशिक्षित कुटुंबांचा होता. या कुटुंबांतील मुले पब्लिक स्कूल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, पण प्रत्यक्षात खासगी व महागड्या असलेल्या निवासी शाळांत शिकत. त्यामुळे जोन्स यांनी आरंभी या उच्चाराला त्या शाळांचेच नाव दिले होते. इ.स. १९२६ च्या आवृत्तीत त्यांनी ते बदलून 'रिसीव्हड प्रनन्सिएशन' म्हणजे मान्यताप्राप्त उच्चार ही संज्ञा स्वीकारली. ही संज्ञा त्यांची स्वतःची नव्हती; एकोणिसाव्या शतकात अलेक्झांडर एलिस यांनी ती वापरली होती.

या उच्चारात 'कार' या शब्दातील अखेरचा र ऐकू येत नाही. स्कॉटलंड व अमेरिकेतील बहुतेक भाषक तो स्पष्ट उच्चारतात. 'बाथ' या शब्दातील दीर्घ स्वर उत्तर इंग्लंडमध्ये ऱ्हस्व होतो. असे भेद म्हणजे चुका नव्हेत, ही जाणीव जोन्स यांच्या लेखनात उत्तरोत्तर दृढ होत गेली. आरंभीच्या पुस्तकात त्यांनी शिक्षकांसाठी दक्षिणी सुशिक्षित उच्चाराचा पुरस्कार केला होता. उच्चारकोशात मात्र, आपण उच्चारांची केवळ नोंद करीत आहोत, सर्व इंग्रजी भाषकांवर एकच उच्चार लादणे आपल्याला शक्य वाटत नाही, अशी भूमिका त्यांनी घेतली. तरीही कोश हाती घेणाऱ्या असंख्य शिक्षकांनी व विद्यार्थ्यांनी त्यातील नोंदी नियम म्हणूनच वाचल्या. एका लहान वर्गाची बोली अशा रीतीने जगभरच्या वर्गांत शुद्धतेचा मापदंड ठरली.

मानस्वर

स्वर उच्चारताना जीभ कोठेही टेकत नसल्याने त्यांचे वर्णन करणे कठीण असते. यावर उपाय म्हणून जोन्स यांनी आठ प्रमुख मानस्वर निश्चित केले. त्यांतील दोन स्वरांसाठी जिभेची टोकाची स्थाने ठरवून उरलेले स्वर श्रवणाच्या दृष्टीने समान अंतरावर बसवले. हे स्वर कोणत्याही एका भाषेचे नाहीत. नकाशावरील ठरावीक खुणांप्रमाणे त्यांच्या आधारे कोणत्याही भाषेतील स्वराचे स्थान सांगता येते. जोन्स यांनी ते स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित केले होते.

स्वनिम

स्वनिम ही संकल्पना जोन्स यांनी पोलिश व रशियन अभ्यासकांकडून घेतली आणि इंग्रजी लेखनात रूढ केली. 'किंग' या इंग्रजी शब्दातील पहिला ध्वनी किंचित महाप्राण असतो, तर 'स्काय' मधील क तसा नसतो. इंग्रजी भाषकाला हे दोन्ही एकच वाटतात. मराठीत मात्र 'काल' आणि 'खाल' हे वेगळे शब्द असल्याने क आणि ख हे स्वतंत्र स्वनिम ठरतात. या विषयावरील त्यांचा ग्रंथ इ.स. १९५० मध्ये प्रसिद्ध झाला. आफ्रिकेतील त्स्वाना भाषेचा अभ्यास त्यांनी दक्षिण आफ्रिकेतील लेखक सॉलोमन प्लाटजे यांच्यासह केला. त्यांचे संयुक्त वाचनपुस्तक इ.स. १९१६ मध्ये निघाले.

वारसा

जॉर्ज बर्नार्ड शॉ यांनी 'पिग्मॅलियन' नाटकाच्या प्रस्तावनेत ध्वनिशास्त्रज्ञ हेन्री स्वीट यांचा उल्लेख केला आहे. त्यातील प्रोफेसर हिगिन्स या पात्रामागे जोन्सही असावेत, असे त्यांचे चरित्रकार बेव्हर्ली कॉलिन्स व इंगर मीस यांचे मत आहे. याच नाटकावर पु. ल. देशपांडे यांचे 'ती फुलराणी' आधारलेले आहे.

जोन्स यांच्यानंतर ए. सी. गिमसन यांनी उच्चारकोशाचे संपादन केले. इ.स. १९९७ च्या आवृत्तीत त्यातील प्रमाण उच्चाराला बीबीसी इंग्लिश असे नाव देण्यात आले व अमेरिकन उच्चारांचाही समावेश झाला.