अबोल रंगांचा धनी : वासुदेव गायतोंडे

विदर्भाने मराठीला कवी दिले, संत दिले, हे वक्तृत्व स्पर्धेत आपण दरवर्षी ऐकतो. चित्रकाराचे नाव मात्र कुणी घेत नाही. वासुदेव संतू गायतोंडे यांचा जन्म २ नोव्हेंबर १९२४ रोजी आपल्या शेजारच्या नागपुरात झाला. घराणे मूळचे गोव्याचे. पुढे मुंबईत गिरगावच्या चाळीत ते वाढले आणि १९४८ साली जे. जे. स्कूल ऑफ आर्टची पदविका त्यांनी मिळविली. आरंभी ते माणसांची चित्रे काढीत. हळूहळू माणसे गेली, आकार विरघळले, उरला तो रंग. १९५७ साली टोकियोच्या प्रदर्शनात पारितोषिक, १९६४ मध्ये शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्क, १९७१ ला पद्मश्री. १९७२ पासून दिल्ली. मानसन्मानाची यादी एवढी पुरे.

मला ओढ लागली ती त्यांच्या कामाच्या रीतीची. ब्रशापेक्षा रोलर आणि रंगाची सुरी त्यांना जवळची. पातळ रंगाचा एक थर द्यायचा, वाळू द्यायचा, त्यावर दुसरा. मध्येच फाडलेल्या कागदाचे तुकडे ओल्या रंगावर दाबून उचलायचे, कुठे रंग खरवडून खालचा उजेड मोकळा करायचा. वर्षाकाठी चित्रे होत ती जेमतेम पाच-सहा. बाकीचा काळ पाहण्यात आणि थांबण्यात जाई.

हे वाचताना मला आमच्या घराची मातीची भिंत आठवली. आई दर दिवाळीला ती पोतारते. पोपडा निघाला की आत मागच्या साली दिलेली निळ दिसते, तिच्याखाली पिवळी माती, त्याखाली आजीच्या हातचे काहीतरी. गायतोंड्यांच्या पिवळ्या चित्रात उजेड वरून पडत नाही, तो असाच आतून येतो. ग्रंथालयातील पुस्तकाच्या छपाईतसुद्धा तो लपत नाही.

पण यात आहे काय, असे वर्गमित्र विचारतात. शिकलेल्यांनाच कळणारी ही गोष्ट, आपले काम नव्हे, असा त्यामागचा सूर असतो. मला तो पटत नाही. आमचे बाबा मृग लागला की बांधावर बसून तासन्‌तास आभाळ पाहतात. करडा रंग कुठे दाट होतो, कुठे फाकतो, हे त्यांना कळते आणि त्यावर आमची कपाशी ठरते. त्या आभाळात चित्र कशाचे आहे, असे त्यांना कुणी विचारत नाही. गायतोंड्यांचे एखादे राखी-हिरवे चित्र असेच पाहावे. स्वतः त्यांना तर अमूर्त हा शब्दही मान्य नव्हता, आणि बहुतेक चित्रांना त्यांनी नावेच दिली नाहीत.

१९८४ च्या अपघातानंतर काही वर्षे मोठा कॅनव्हास त्यांना झेपेना. तेव्हा ते लहान कागदांवर शाईने काम करीत राहिले. निजामुद्दीनमधील एका खोलीत, लग्न-संसाराविना, गर्दीपासून दूर त्यांचे आयुष्य गेले. १० ऑगस्ट २००१ रोजी ते वारले. २०१३ साली मुंबईच्या लिलावात त्यांच्या एका चित्राला २३ कोटींहून अधिक रुपये आले, आणि वर्तमानपत्रांना त्यांची आठवण झाली! पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांचे मोठे प्रदर्शन भरविले.

चित्राच्या दर्शनी बाजूस ते सहसा सही करीत नसत. ती कॅनव्हासच्या पाठीमागे असे, आणि पुष्कळदा देवनागरीत.