कै. धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके

कोणतीही नवी विद्या देशात रुजावयाची म्हणजे ती जाणणारा मनुष्य असून भागत नाही; तिजवर विश्वास ठेवून कोणी तरी पैसाही घालावा लागतो. ज्या झाडाचे फळ अद्याप कोणी चाखलेले नाही, त्यास पाणी घालण्यास सहसा कोणी धजत नाही. असा विश्वास संपादन करणे, आणि तो संपादन केल्यावर टिकविणे, ही दोन्ही कामे किती कठीण आहेत, हे दादासाहेब फाळके यांच्या चरित्रावरून जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच अन्यत्र दिसेल. हिंदमातेच्या कापडबाजारात आपल्यापैकी पुष्कळांचे जाणेयेणे असते. तेथून जवळच दादरच्या पूर्व भागात त्यांच्या नावाचा रस्ता आहे. पूर्वी त्यास दादर मेन रोड म्हणत. याच रस्त्यावर हिंदुस्थानातील एका मोठ्या धंद्याचा पाया घातला गेला.

धुंडिराजांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळील त्र्यंबकेश्वर येथे झाला. त्यांचे वडील संस्कृतचे विद्वान होते. मुंबईस डॉ. जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनरी गृहस्थांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या विल्सन कॉलेजात त्यांची संस्कृत शिकविण्यासाठी नेमणूक झाली, आणि त्यामुळे हे कुटुंब मुंबईत आले. मुलाचा ओढा पोथीपेक्षा रंगरेषांकडे अधिक होता. १८८५ साली तो जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला व पुढे बडोद्याच्या कलाभवनात त्याने चित्रकला, मूर्तिकाम व छायाचित्रण यांचा अभ्यास केला. वैदिक घराण्यातील मुलाने हे काय आरंभिले, असे त्या काळी पुष्कळांस वाटले असल्यास नवल नाही.

पुढील वीस वर्षे म्हणजे एकामागून एक धंद्यांची परंपराच होय. गोध्रा येथे त्यांनी छायाचित्रांचे दुकान काढले; परंतु प्लेगच्या साथीत पत्नी व मूल यांचा वियोग झाला व ते दुकान उठले. मग पुराणवस्तू खात्यात नोकरी, ती सोडून लोणावळ्यास ठसे कोरण्याचा व छपाईचा कारखाना, आणि तेथून दादर येथे लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स, असा त्यांचा प्रवास झाला. नवी यंत्रे पाहण्यासाठी १९०९ साली ते जर्मनीसही जाऊन आले. कारखान्यास कीर्ती मिळाली, परंतु भांडवल घालणाऱ्या भागीदाराशी मतभेद झाले व दादासाहेब हात हलवीत बाहेर पडले. वय चाळीस, पदरी संसार, हाती काम नाही, अशी त्यांची तेव्हा स्थिती होती.

अशा वेळी, १९१०-११ च्या सुमारास, गिरगावातील अमेरिका-इंडिया चित्रगृहात प्रभू येशू ख्रिस्ताच्या चरित्रावरील मूकपट त्यांच्या पाहण्यात आला. पडद्यावर ख्रिस्ताची मूर्ती हालताचालताना पाहून, आपल्या देशातील राम व कृष्ण यांच्या कथा अशाच रीतीने दाखविता येतील काय, हा एकच विचार त्यांच्या मनात घोळू लागला. ते पुन्हा पुन्हा चित्रगृहात जात. घरी रात्र रात्र जागून प्रयोग करीत. या जाग्रणाने त्यांची दृष्टी काही काळ गेली. वैद्यकीय उपचारांनी ती परत आली, तेव्हा ते पुन्हा त्याच कामास लागले.

आता प्रश्न पैशाचा होता. ज्या मनुष्याचा धंदा नुकताच मोडला आहे आणि ज्या वस्तूचे नावही लोकांस ठाऊक नाही, तिच्यासाठी कर्ज कोण देणार? दादासाहेबांनी आपल्या विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवल्या व १९१२ च्या फेब्रुवारीत ते विलायतेस गेले. लंडनमधील बायोस्कोप या साप्ताहिकाचे संपादक कॅबोर्न यांनी प्रथम त्यांस या फंदात न पडण्याचा सल्ला दिला. परंतु या परदेशी गृहस्थाची चिकाटी पाहून त्यांनीच पुढे सेसिल हेपवर्थ या नामांकित चित्रपटनिर्मात्याशी त्यांचा परिचय करून दिला. त्यांच्या कारखान्यात सर्व कृती डोळ्यांनी पाहून, ५० पौंडांना विल्यमसन कंपनीचा कॅमेरा विकत घेऊन दादासाहेब दोन महिन्यांत मायदेशी परतले.

यंत्र आले, तरी सावकारांस ते पटावे कसे? येथे दादासाहेबांनी जी युक्ती योजिली ती विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. त्यांनी कुंडीत वाटाण्याचे दाणे पेरले आणि कॅमेरा समोर ठेवून, ठरावीक काळाने एकेक चित्र घेत, महिनाभर त्या दाण्यांची वाढ टिपली. पडद्यावर ती फीत फिरविताच दाणा फुटतो, अंकुर वर येतो व वेल चढू लागतो, असे मिनिटभरात दिसे. जे कार्य निसर्ग महिन्यात करितो ते क्षणात पाहून पाहणारे थक्क झाले, आणि छायाचित्रणाच्या सामानाचे व्यापारी यशवंतराव नाडकर्णी यांसारखी मंडळी कर्ज देण्यास पुढे आली. शंभर भाषणांनी जे झाले नसते ते चार वाटाण्यांनी केले.

तरीही कर्जाने सर्व भागले नाही. उरलेली भर सरस्वतीबाईंनी घातली. दादासाहेबांच्या या द्वितीय पत्नीने आपले दागिने दिलेच, पण त्याहून अधिक आपले श्रम दिले. त्या काळी कोरी फीत छिद्रांवाचून येत असे. प्रत्येक चित्राच्या दोन्ही कडांस चार चार छिद्रे अंधारात बसून पाडावी लागत. हे काम त्या करीत. फीत धुण्याची रासायनिक क्रियाही त्या शिकल्या. आणि कामावरील साठसत्तर माणसांचा स्वयंपाकही त्यांच्याच हातचा असे. एक फूट फितीत १६ चित्रे मावतात, आणि तयार झालेला चित्रपट सुमारे ३,७०० फूट होता. म्हणजे जवळजवळ ५९,००० चित्रे झाली! चित्रगृहात टाळ्या वाजल्या त्या राजा-राणीसाठी. या माउलीचे नाव पडद्यावर नव्हते.

हा चित्रपट म्हणजे ‘राजा हरिश्चंद्र’. दादर मेन रोडवरील बंगल्यात त्याचा देखावा उभारला गेला. स्त्रीची भूमिका करण्यास एकही स्त्री तयार होईना, म्हणून उपाहारगृहात काम करणाऱ्या साळुंके नावाच्या तरुणास तारामती केले. रोहिदास झाला दादासाहेबांचा स्वतःचा पुत्र भालचंद्र. ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन चित्रगृहात तो लोकांपुढे आला व त्याने नाव व पैसा दोन्ही मिळविले. दादासाहेबांनी पुढे आपले बिऱ्हाड नाशिकास हलविले. १९१७ च्या ‘लंकादहन’ने तर कीर्तीचा कळस गाठला.

यशाबरोबर मोठे भांडवल चालून आले. १९१८ साली मुंबईच्या धनिकांच्या भागीदारीत हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली. परंतु जो खर्च कलावंतास आवश्यक वाटे तो भागीदारांस उधळपट्टी वाटे. आणि भागीदारांचा हिशेब दादासाहेबांस जाच वाटे. छापखान्याच्या वेळचीच कथा पुन्हा घडली. १९१९ साली ते कंपनी सोडून काशीस गेले. तेथे त्यांनी ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले. १९२२ साली ते परत आले, पण पूर्वीचा एकोपा पुन्हा जमला नाही. पुढे १९३१ साली बोलपट आला आणि मूकपटाची विद्या मागे पडली. कोल्हापूरच्या कंपनीसाठी १९३७ साली काढलेला ‘गंगावतरण’ हा त्यांचा एकमेव बोलपट ठरला. नव्वदांहून अधिक चित्रपट काढणाऱ्या या पुरुषाची अखेरची वर्षे नाशिक येथे विपन्नावस्थेत गेली. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी त्यांचे देहावसान झाले, तेव्हा ज्या धंद्यावर सहस्रावधी कुटुंबे पोसली जात होती त्या धंद्यास या वार्तेची फारशी दखल घ्यावीशी वाटली नाही. भारत सरकारने त्यांच्या नावाने पारितोषिक ठेविले ते १९६९ साली.

दोष कोणाचा? केवळ भागीदारांचा म्हणणे न्याय्य होणार नाही. ज्याने पैसा घातला त्यास हिशेब मागण्याचा अधिकार असतो. आणि ज्याने डोळे झिजविले त्यास आपल्या कृतीचा अभिमान असतो. या दोघांस एकमेकांची भाषा समजली असती तर दोघांचेही कल्याण होते. अनोळखी माणसाचा विश्वास जिंकण्याची कला दादासाहेबांस चांगलीच अवगत होती; परंतु सहकाऱ्यांचा विश्वास वर्षानुवर्षे जतन करणे त्यांस साधले नाही, हेही त्यांच्या चरित्राने सांगितले पाहिजे.

शुभवर्तमानात धन्याने सेवकांच्या हाती सोपविलेल्या द्रव्याचा दाखला आहे. भयाने ते जमिनीत पुरणाऱ्या सेवकास तेथे दूषण दिले आहे. दादासाहेबांनी आपणास मिळालेले काहीच पुरून ठेविले नाही. बुद्धी, दृष्टी, विमा, संसार, सारे कामी लाविले. पालकांनी मुलाचा एखादा विलक्षण छंद पाहून तो लागलीच मोडू नये. आणि विद्यार्थ्यांनो, मोठे भांडवल मिळाल्यावर आरंभ करू, असे म्हणत बसू नका. कुंडीभर माती व चार वाटाणे आज तुमच्याही घरी मिळतील. उणीव असेल ती महिनाभर रोज त्यांपुढे बसण्याच्या धीराची.