आल्फोन्स पेनो

बीड जिल्ह्यातील बालाघाटच्या डोंगरांत कपिलधार हे मन्मथस्वामींच्या समाधीने पावन झालेले क्षेत्र आहे. अशा डोंगरदऱ्यांवर घार पंख न हलविता संथपणे तरंगते. वाऱ्याचा झोत आला, की ती शेपटी किंचित वळवून तोल सावरते. निर्जीव यंत्राला हा तोल कसा साधावा, हे कोडे एका अपंग तरुणाने सोडविले. त्याचे नाव आल्फोन्स पेनो.

पेनोचा जन्म १८५० साली पॅरिस येथे झाला. त्याचे वडील फ्रेंच आरमारात अधिकारी होते. परंतु कमरेच्या सांध्याच्या विकारामुळे पेनोला कुबड्या घेऊन चालावे लागे. आरमाराची वाट त्याला बंद झाली. तेव्हा त्याने आपले चित्त आकाशाकडे वळविले.

त्या काळी लहानमोठी उडती यंत्रे नाक वर करून किंवा खाली घालून कोसळत. पेनोने हातभर लांबीचे, अवघ्या १६ ग्रॅम वजनाचे विमान तयार केले. पीळ दिलेल्या रबराच्या बळावर त्याचा पंखा फिरे. पंखांची टोके त्याने वर उचलली, वजन पुढे ठेवले आणि शेपटीचा कोन पंखांच्या कोनापेक्षा थोडा कमी केला. विमानाचे नाक खाली गेले, की शेपटीवरील हवेचा दाब ते वर आणी. नाक फार वर गेले, की हवा शेपटी उचलून ते खाली आणी. १८ ऑगस्ट १८७१ रोजी पॅरिसच्या त्युइलरी उद्यानात जाणकारांसमक्ष हे चिमुकले विमान ११ सेकंद स्थिरपणे उडाले!

पुढे १८७६ साली त्याने माणसांना वाहून नेणाऱ्या विमानाचा आराखडा केला. पण त्यासाठी कोणी द्रव्यसाहाय्य केले नाही. निराशेने खचलेल्या पेनोचा १८८० साली, वयाच्या अवघ्या तिसाव्या वर्षी अंत झाला.

त्याचे श्रम मात्र वाया गेले नाहीत. त्याच्या रबरी खेळण्याच्या धर्तीवरील एक खेळणे १८७८ च्या सुमारास अमेरिकेतील राइट बंधूंच्या हाती पडले होते. १९०३ साली त्याच बंधूंनी विमानातून उड्डाण केले. ज्याला धड चालता येत नव्हते, त्याने जगाला उडण्याची वाट दाखविली.