झिलईचा ध्यास : बर्नार पालिसी

आपल्या शिरपूरच्या कुंभाराला झिलईची चिंता नसते. त्याच्या माठाची माती सच्छिद्र असते, पाणी पाझरते, वाऱ्याने उडून जाते आणि म्हणूनच वऱ्हाडच्या उन्हाळ्यात ते गार राहते. पण घरात लोणच्याची बरणी असतेच. तिच्या अंगावरचा तो काचेसारखा गुळगुळीत थर म्हणजे झिलई. हा थर बिनचूक बसावा म्हणून सोळाव्या शतकातील एका फ्रेंच माणसाने आपले निम्मे आयुष्य जाळले. त्याचे नाव बर्नार पालिसी.

त्याचा जन्म १५१० च्या सुमारास, नैर्ऋत्य फ्रान्समध्ये झाला. व्यवसाय काचेवर चित्रे काढण्याचा, जोडीला जमीनमोजणी. लॅटिन त्याला येत नव्हते. सँत या गावी त्याने संसार थाटला आणि १५४० च्या आसपास त्याच्या पाहण्यात एक शुभ्र झिलईचा पेला आला. त्या दिवसापासून पालिसी संसाराला पारखा झाला म्हणा ना! कुंभारकामाचा ओनामाही त्याला ठाऊक नव्हता. मडकी फोडून त्यांच्या खापऱ्यांवर तो निरनिराळी चूर्णे लावी आणि त्या भट्टीत घाली. कुंभाराच्या भट्टीत सुमारे तीनशे खापऱ्या पाठवल्या, पण तिथली आच कमी पडली. मग मिठागरांच्या मोजणीचे काम करून थोडे पैसे मिळवले आणि काच वितळवणाऱ्यांची भट्टी गाठली. तीनशेपैकी एकच खापरी पांढरी निघाली! पण त्या एका खापरीने त्याला पुढची कित्येक वर्षे जगवले.

घरी त्याने स्वतःची भट्टी बांधली, विटाही स्वतःच्या पाठीवर वाहून आणल्या. सहा दिवस, सहा रात्री तो भट्टीपुढे बसून होता, तरी झिलई वितळेना. विचार करता त्याला वाटले की मिश्रणात वितळवणारा घटक कमी पडला असावा. पुन्हा दळले, पुन्हा लावले. तोवर सरपण संपले. बागेतले खांब गेले, मेजे गेली, अखेरीस घराची लाकडी जमीनही भट्टीत गेली. गावात तो खोटी नाणी पाडतो अशी कुजबुज सुरू झाली. कारागिराला देण्यास पैसे नव्हते म्हणून अंगावरचे कपडे दिले. त्याच्या बायकोने त्याला बोल लावले, आणि मला तरी तिचा राग येत नाही. घरात मुले होती.

चरित्रकार जमीन जाळल्याचाच प्रसंग रंगवून सांगतात. मला मात्र त्यापुढची हकीकत मोठी वाटते. एकदा झिलई उत्तम वितळली, पण भट्टीच्या लिंपणात गारगोटीचे खडे राहिले होते. ते तापून तडकले आणि त्यांच्या कपच्या मऊ झिलईत रुतून बसल्या. भांडी स्वस्तात विकता आली असती. पण हाताला कापणारे भांडे आपल्या नावावर जाऊ नये म्हणून त्याने ती सारी फोडली. पुढल्या वेळी ज्वाळेबरोबर उडालेली राख झिलईला चिकटली. तेव्हा त्याने मातीचे पोकळ डबे करून भांडी त्यांच्या आत ठेवून भाजायला सुरुवात केली. मग निराळेच संकट! रंग एका आचेवर वितळेनात. सरड्याचा हिरवा रंग करपून जाई, तरी सापाचा रंग अजून वितळलेला नसे. प्रत्येक रंगाचे मिश्रण त्याला वेगळे जुळवावे लागले. या सगळ्यात पंधरा-सोळा वर्षे गेली.

पुढे मासे, सरडे, शिंपले अंगावर वागवणाऱ्या त्याच्या थाळ्यांची कीर्ती झाली. राजमाता कॅथरीन द मेदिचीसाठी त्याने पॅरिसला काम केले. तेथे निसर्गविज्ञानावर व्याख्याने दिली आणि १५८० मध्ये त्यांचे पुस्तक काढले. झऱ्यांचे पाणी पावसाचेच असते, डोंगरातले शिंपले एकेकाळचे खरे जीव होत, हे त्याने विद्वानांना बजावून सांगितले. आपल्या फजितीही त्याने त्यात मोकळेपणाने लिहिल्या, मात्र झिलईचे नेमके प्रमाण सांगितले नाही.

तो प्रॉटेस्टंट पंथाचा होता. धर्मयुद्धांच्या त्या काळात पंथ सोडण्यास त्याने नकार दिला आणि १५९० च्या सुमारास, ऐंशीच्या घरात, बास्तीयच्या तुरुंगात त्याचा अंत झाला. १९८० च्या दशकात पॅरिसला लूव्रच्या आवारात उत्खनन झाले, तेव्हा त्याच्या कार्यशाळेतले साचे आणि फुटक्या भांड्यांचे ढीगभर तुकडे मातीखालून वर आले.