बाबासाहेब आंबेडकर यांचे वीज नियोजनातील कार्य

डॉ. भीमराव रामजी आंबेडकर (१४ एप्रिल १८९१ – ६ डिसेंबर १९५६) हे अर्थशास्त्रज्ञ, विधिज्ञ, समाजसुधारक आणि भारतीय संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद होते. वीज आणि पाटबंधारे हे विषयही याच खात्याकडे होते. वीज पारेषणाच्या देशव्यापी नियोजनाचा पाया घालण्यात त्यांचा मोठा वाटा आहे.

पार्श्वभूमी

आंबेडकरांचा जन्म महू येथे झाला. शिक्षण सातारा, मुंबई, न्यूयॉर्क आणि लंडन येथे झाले. भारतातील लहान धारण क्षेत्रांवर त्यांनी १९१८ साली निबंध लिहिला. केवळ जमिनीचे तुकडे जोडून शेतकऱ्याचे दारिद्र्य हटणार नाही. शेतीवर विसंबलेली अतिरिक्त लोकसंख्या उद्योगांकडे वळली पाहिजे, असे प्रतिपादन त्यांनी त्यात केले. विजेविषयीच्या त्यांच्या पुढील धोरणाचे मूळ या विचारात सापडते. उद्योगांना स्वस्त आणि मुबलक वीज हवी; ती नसेल तर भूमिहीनाला शेतमजुरीवाचून दुसरा मार्ग उरत नाही, अशी त्यांची भूमिका होती.

कोल्हापूर परिसर आणि संस्थानी सीमा

मार्च १९२० मध्ये कोल्हापूर संस्थानातील माणगाव येथे अस्पृश्यांची परिषद आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली भरली. राजर्षी शाहू महाराज तिला उपस्थित होते. हा परिसर त्या काळी अनेक राज्यांत विभागलेला होता. कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळचे कुरुंदवाड हे पटवर्धन घराण्याचे संस्थान. त्याच्याही थोरली आणि धाकटी अशा दोन पात्या होत्या आणि त्यांची गावे एकसलग नव्हती. शेजारी कोल्हापूर, सांगली, मिरज ही संस्थाने आणि ब्रिटिश मुलूख होता. नदी एक, पण तिच्या काठचे कारभार अनेक, अशी स्थिती देशात इतरत्रही होती. लहान संस्थानाला स्वतःच्या बळावर मोठे वीजकेंद्र व दूरवरच्या वाहिन्या उभारणे आवाक्याबाहेरचे होते.

धोरण समिती आणि मंडळ

युद्धोत्तर पुनर्रचनेसाठी सार्वजनिक बांधकामे व विद्युतशक्ती या विषयांची धोरण समिती नेमण्यात आली. तिच्या २५ ऑक्टोबर १९४३ च्या बैठकीत अध्यक्ष आंबेडकर यांनी काही मूलभूत प्रश्न मांडले. वीज सरकारी मालकीची असावी की खासगी, तिची जबाबदारी केंद्राची की प्रांतांची आणि ती स्वस्त कशी करता येईल, हे ते प्रश्न होते.

त्यांनी ग्रिड पद्धतीचा, म्हणजे वीजकेंद्रे परस्परांना जोडणाऱ्या पारेषण जाळ्याचा पुरस्कार केला. वीज नदीखोऱ्यात किंवा कोळसा खाणीजवळ निर्माण होते, मागणी मात्र दूरच्या गावांत व शहरांत असते. उच्च दाबाच्या वाहिन्यांनी हे अंतर कमी हानीत पार करता येते. एक केंद्र बंद पडल्यास दुसऱ्याची वीज वापरता येते. मात्र असे जाळे प्रत्येक प्रांताने आपल्यापुरता विचार करून उभे राहत नाही.

या दृष्टीने नोव्हेंबर १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले. १९४५ मध्ये जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयन यांसाठी केंद्रीय आयोग अस्तित्वात आला. दामोदर आणि महानदी खोऱ्यांच्या योजनांत पूरनियंत्रण, सिंचन व वीज यांचा एकत्रित विचार करण्यात आला.

वारसा

आंबेडकर १९४६ मध्ये या पदावरून दूर झाले. स्वातंत्र्यानंतर वीज खाते काकासाहेब गाडगीळ यांच्याकडे असताना वीज (पुरवठा) अधिनियम, १९४८ संमत झाला. त्यात केंद्रीय विद्युत प्राधिकरण आणि राज्य वीज मंडळे यांची तरतूद होती. त्याच वर्षी दामोदर खोरे महामंडळ स्थापन झाले आणि कुरुंदवाड संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. संविधानात वीज हा विषय समवर्ती सूचीत असल्याने केंद्र व राज्य दोघांनाही त्यावर कायदे करता येतात.

रायचूर–सोलापूर वाहिनीद्वारे ३१ डिसेंबर २०१३ रोजी दक्षिणेचे जाळे उर्वरित देशाशी जोडले गेले आणि संपूर्ण भारताचे एकच वीजजाळे झाले. प्रांतांच्या सीमा ओलांडणाऱ्या पारेषणाचा प्रश्न आंबेडकरांच्या समितीने मांडला, त्याला तेव्हा ७० वर्षे झाली होती.